उघड्या कुलपाची निगा

आमचे बालपण देवासास गेले, हे आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. वर्गात विषय कोणताही असो, तो फिरून फिरून माळव्यात जातो, अशी त्यांची आमच्याविषयी नेहमीची तक्रार असते. प्रस्तुत लेखही त्या दोषातून सुटलेला नाही. संगणकांच्या जाळ्याचे रक्षण करणारे जे मुक्त कार्यक्रम आज जगभर वापरात आहेत, त्यांची निगा कोण व कशी राखतो, हा या लेखाचा विषय होय. परंतु त्याचा आरंभ मात्र आम्हांस देवासच्या रेल्वे स्टेशनापासूनच करावा लागत आहे.

तारीख होती २५ एप्रिल १९९०. त्या दिवशी इंदुराहून एक आगगाडी देवासास आली. तिच्यात उतारू नव्हते. पन्नास टाक्या भरून पाणी होते. ढोल वाजले, मंत्रिमहोदय आले, गाडीचे थाटाने स्वागत झाले. आम्हां मुलांस ती केवढी मौज वाटली! आगगाडीतून पाणी येते, ही गोष्ट भूगोलाच्या कोणत्याही पुस्तकात आम्ही वाचलेली नव्हती. घरची वडील माणसे मात्र त्या दिवशी गप्प होती. त्या मौनाचा अर्थ आम्हांस पुष्कळ वर्षांनी कळला. तत्पूर्वीच्या तीस वर्षांत गावची बहुतेक लहानमोठी तळी बुजली होती व बुजलेल्या जागी घरे आणि कारखाने उभे राहिले होते. मीठा तलावासारखे एखादे उरले इतकेच. पाणी कूपनलिकांतून येतच होते, तेव्हा तळ्यांकडे पाहण्याची निकड कोणास वाटली नाही. पुढे कूपनलिका खोल खोल गेल्या, आणि एके दिवशी त्यांनाही पाणी लागेना. तळी बुजवावीत असा ठराव कोणी एका सभेत केला नव्हता. त्यांची राखण करणे हे कोणाचेच काम उरले नव्हते, एवढेच काय ते घडले.

आमचे आजोळ धारेस. तेथे साडेबारा तळी आहेत, असे तिकडची वृद्ध मंडळी सांगत. ते अर्धे तळे कोणते, यावर आमच्या आजोबांचा व शेजाऱ्यांचा वाद कधी मिटला नाही. त्यांपैकी मुंजसागर हे भोजराजाचा चुलता जो मुंज, त्याच्या नावाने आजही ओळखले जाते. मुंजास होऊन सहस्र वर्षे लोटली. मातीच्या बांधाचे तळे आपल्या बळावर सहस्र वर्षे टिकत नाही. दर पावसाळ्यात त्यात गाळ येतो, बांधाला उंदीर व खेकडे बिळे पाडतात, पिंपळाचे रोप दगडांच्या सांध्यात मूळ धरते. कोणीतरी गाळ उपसला, कोणीतरी ते रोप वेळीच उपटले, म्हणून तळे राहिले. खोदणाराचे नाव तळ्यास लागले. गाळ काढणारांची नावे कोठेच नाहीत.

आता मूळ विषयाकडे वळू. वडिलांच्या मोबाइलवरून आपण विजेचे बिल भरतो किंवा मंडळाच्या संकेतस्थळावर आपला बैठक क्रमांक घालून निकाल पाहतो, तेव्हा आपला मजकूर अनेक परक्या यंत्रांच्या हातून शेकडो कोस प्रवास करतो. वाटेत तो कोणी वाचू नये, कोणी बदलू नये, आणि पलीकडचे यंत्र खरोखरच बँकेचे आहे अशी खात्री पटावी, म्हणून तो कुलूपबंद करून धाडतात. हे कुलूप लोखंडाचे नव्हे, गणिताचे असते. आणि ते लावण्याउघडण्याचे काम संगणकाचा एक कार्यक्रम करतो. अशा कार्यक्रमांपैकी फार मोठ्या प्रमाणावर वापरला जाणारा म्हणजे 'ओपनएसएसएल'. एरिक यंग व टिम हडसन यांनी केलेल्या आधीच्या कामावर तो १९९८ साली उभारला गेला. दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे काम करता यावे यासाठी 'ओपनएसएसएच' हा दुसरा कार्यक्रम आहे. जाळ्यातून येणारी-जाणारी रहदारी न्याहाळून संशयास्पद काही दिसताच हाक देणारे 'स्नॉर्ट' व 'सुरिकाटा' हे पहारेकरी वेगळेच. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. त्यांची मूळसंहिता, म्हणजे ज्या ओळी लिहून कार्यक्रम घडवला त्या ओळी, सर्वांस वाचावयास खुली आहे. कोणीही ती उतरवून घ्यावी, तपासावी, सुधारावी. यालाच मुक्त स्रोत म्हणतात.

कुलपाची घडण जगजाहीर करणे हा वेडेपणा नव्हे काय? हा प्रश्न आमच्या नववीच्या वर्गात हटकून विचारला जातो, आणि तो विचारणारा विद्यार्थी हुशार असतो. त्याचे उत्तर १८८३ साली ऑगुस्त केर्कहॉफ्स या पंडिताने देऊन ठेवले आहे. गुप्तलेखनाची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी अडचण येता कामा नये. गुप्त राहावयाची ती फक्त किल्ली, असा त्याच्या विवेचनाचा मथितार्थ आहे. ज्या कुलपाचा भरवसा त्याची घडण झाकून ठेवण्यावर असतो, त्याची घडण एका फितुराने फोडली की सारीच कुलपे निकामी होतात. उलट किल्ली फुटली तर किल्ली बदलता येते. आमच्या देवासात १९७४ पासून चलनी नोटा छापण्याचा सरकारी छापखाना आहे. तेथील भिंती उंच आणि पहारा कडक. परंतु त्या नोटेतील जलचिन्ह कोठे पाहावे, धागा कसा ओळखावा, हे सरकार स्वतः सर्वांस सांगते; कारण ज्या खुणा तपासणाऱ्यासच माहीत नाहीत, त्या खुणांचा उपयोग काय? मुक्त कार्यक्रम याच्या एक पाऊल पुढे जातो. तो तपासण्याच्या खुणाच नव्हे, तर सारा छापखानाच उघडा ठेवतो व किल्ली तेवढी ज्याची त्याच्यापाशी राहू देतो.

येथवर ऐकून पुष्कळांची अशी समजूत होते की, जे उघडे आहे ते आपोआप सुरक्षित आहे. इतके लोक पाहत असता दोष राहील कसा? आमचीही बरीच वर्षे अशीच समजूत होती. ती २०१४ च्या एप्रिलात मोडली.

ओपनएसएसएलमध्ये ३१ डिसेंबर २०११ रोजी एक छोटी सोय जोडण्यात आली. दोन यंत्रांमधील संबंध चालू आहे की तुटला, हे कळावे म्हणून एकाने अधूनमधून दुसऱ्यास हटकावयाचे व दुसऱ्याने ओ द्यावयाची. या हटकण्याला 'हार्टबीट', म्हणजे हृदयाचा ठोका, असे नाव दिले. तिची रीत अशी: पहिले यंत्र म्हणते, "मी चार अक्षरांचा एक शब्द धाडतो आहे, तो शब्द 'आंबा', तोच मला परत कर." दुसरे यंत्र तो आपल्या स्मृतीत उतरवून घेते व तेथून चार अक्षरे मोजून परत धाडते. पण एखाद्या लबाडाने शब्द धाडला 'आंबा' आणि सांगितले की तो साठ हजार अक्षरांचा आहे, तर? सांगितलेली संख्या व प्रत्यक्षात आलेला शब्द यांचा मेळ बसतो की नाही, हे ताडून पाहावयाचे राहून गेले होते. भोळे यंत्र 'आंबा' परत देई व त्याच्या शेजारी स्मृतीत जे काही पडलेले असेल ते सारे मोजून पुढे करी. अशा एका खेपेस सुमारे ६४ हजार अक्षरांपर्यंत मजकूर बाहेर जाई. त्यात कोणाचा परवलीचा शब्द असेल, कोणाचे पत्र असेल, क्वचित त्या यंत्राची गुप्त किल्लीही असेल. वाण्याच्या दुकानी जाऊन "माझी ठेव पाच शेर होती" असे खोटे सांगावे आणि वाण्याने वही न उघडता शेजाऱ्याच्या पोत्यातून भर घालून पाच शेर मोजून द्यावे, तसाच हा प्रकार.

मार्च २०१२ मध्ये ही सोय असलेली आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि जगभर पसरली. दोष उघडकीस आला ७ एप्रिल २०१४ रोजी. गूगलमधील नील मेहता व फिनलंडमधील कोडेनॉमिकॉन या संस्थेतील मंडळी यांना तो एकमेकांपासून स्वतंत्रपणे सापडला. दोषास नाव पडले 'हार्टब्लीड', म्हणजे हृदयातील रक्तस्राव. त्या वेळच्या एका पाहणीप्रमाणे कुलूपबंद संकेतस्थळांपैकी सुमारे १७ टक्के, म्हणजे अदमासे ५ लक्ष यंत्रे या दोषाच्या पल्ल्यात होती. कॅनडाच्या करखात्यास आपले संकेतस्थळ काही दिवस बंद ठेवावे लागले. तरी तोवर सुमारे ९०० नागरिकांचे ओळखक्रमांक चोरीस गेले होते. आणि एवढ्या अनर्थावर उपाय काय? दोन संख्यांची तुलना करणाऱ्या काही थोड्या ओळी.

दोन वर्षे ती संहिता उघडी होती. वाचण्याची मुभा साऱ्या जगास होती. परंतु ज्याला वाचण्याची मुभा आहे तो वाचतोच असे नाही, हे शाळेच्या ग्रंथालयाकडे पाहिले तरी ध्यानात येईल. शोध घेता असे दिसून आले की, ज्या कार्यक्रमावर बँका, दुकाने व सरकारे विसंबून होती, त्याच्यावर पूर्ण वेळ काम करणारा मनुष्य जवळपास एकच होता आणि त्या प्रकल्पास देणग्या मिळत त्या वर्षास सुमारे २ हजार डॉलर. देवासच्या तळ्यांची कथा ती हीच. पाणी येतच होते; तेव्हा बांधाकडे पाहतो कोण?

या ठिकाणी आमचीही एक फजिती सांगून टाकतो. वर्तमानपत्रात ही बातमी वाचून आम्ही मोठ्या तावातावाने आमच्या परिचयाच्या एका कार्यालयात गेलो व तेथील यंत्रावर ओपनएसएसएलची कोणती आवृत्ती आहे, असे विचारले. ते कोणास सांगता येईना. ज्या गृहस्थाने यंत्र बसवले तो नोकरी सोडून गेला होता. यंत्र तेव्हापासून चालू होते ते केवळ कोणी बंद केले नाही म्हणून. आणि त्याचा परवलीचा शब्द टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर, सर्व अभ्यागतांस दिसेल असा ठेवलेला होता. आवृत्ती आम्हीच शोधून काढली. ती इतकी जुनी निघाली की हार्टब्लीडचा दोष तिच्यात शिरलेलाच नव्हता! कार्यालयातील मंडळी आमच्याकडे पाहून हसली. त्या जुन्या आवृत्तीत दुसरे किती दोष होते, हे त्यांना समजावून सांगण्यास आम्हांस तीन दिवस लागले. असो.

दोष दुरुस्त झाला. पण गाळाचे काय? कार्यक्रम जसजसा जुना होतो तसतसा त्यातही गाळ साचतो. एखाद्या काळी नामांकित असलेल्या यंत्रासाठी लिहिलेल्या ओळी, ते यंत्र भंगारात गेल्यावरही संहितेत तशाच पडून राहतात. एकच काम तीन जागी तीन तऱ्हांनी केलेले असते. "येथे हात लावू नये" अशी टीप असते. का लावू नये, हे लिहिणारा विसरलेला असतो. अशा राईत वाचणाराची नजर चुकते आणि दोष लपण्यास आयती जागा मिळते. एप्रिल २०१४ मध्येच 'ओपनबीएसडी' या प्रकल्पातील मंडळींनी ओपनएसएसएलची एक प्रत उतरवून घेतली आणि तिचा गाळ उपसण्यास आरंभ केला. पहिल्या एका आठवड्यात त्यांनी ९० हजारांहून अधिक ओळी काढून टाकल्या! त्या स्वच्छ केलेल्या प्रतीस त्यांनी 'लिब्रेएसएसएल' असे नाव दिले.

संहितेची प्रत घेऊन वेगळा संसार थाटण्याच्या या प्रकारास इंग्रजीत रस्त्याला फाटा फुटण्याची उपमा देतात. आम्ही देवासकर, आम्हांस त्यासाठी शब्द शोधावा लागत नाही. १७२८ साली बाजीराव पेशव्यांबरोबर माळव्यात आलेल्या तुकोजी व जिवाजी या पवार बंधूंची देवासात दोन राज्ये झाली: थोरली पाती आणि धाकटी पाती. एका गावात दोन दरबार, दोन फौजा, दोन कारभार. सीमा गावाच्या मधून गेलेली. थोरल्या पातीच्या दरबारी १९२१ साली ई. एम. फॉर्स्टर हे इंग्रज ग्रंथकार काही महिने चिटणीस होते. त्यांनी पुढे लिहिलेल्या देवासच्या आठवणी वाचण्यासारख्या आहेत. १९४८ मध्ये दोन्ही पात्या मध्यभारतात विलीन झाल्या. तेव्हा ओपनएसएसएल ही थोरली पाती व लिब्रेएसएसएल ही धाकटी, असे आम्ही वर्गात सांगतो. पात्या झाल्याने दुहेरी खर्च होतो, एकीकडील सुधारणा दुसरीकडे नेण्याचे श्रम पडतात, हे खरे. पण धाकटीने झाडलोट केल्यावर थोरलीलाही आपले अंगण झाडावे लागले. मोठमोठ्या कंपन्यांनी प्रत्येकी वर्षास १ लक्ष डॉलर याप्रमाणे तीन वर्षे मदत कबूल केली, पगारी माणसे नेमली गेली, आणि कोणतीही ओळ दुसऱ्याने तपासल्यावाचून आत घ्यावयाची नाही, हा नियम पक्का झाला.

मात्र गाळ म्हणून काढाल ते गाळच असेल असे नाही. बांधातील वेडावाकडा दिसणारा दगड उपटावा आणि तोच नेमका पाण्याचा दाब तोलणारा निघावा, अशातली एक गोष्ट २००६ साली घडली. 'डेबियन' या मुक्त संगणकप्रणालीच्या एका राखणदारास तपासणीच्या एका साधनाने ओपनएसएसएलमधील दोन ओळींविषयी कुरकूर करून दाखवली. त्याने मूळ मंडळींच्या चर्चेत विचारणा केली, तेथे कोणी ठाम हरकत घेतली नाही, आणि त्याने त्या ओळी निष्क्रिय केल्या. कुरकूर थांबली. परंतु किल्ली घडवताना जो यदृच्छेचा मसाला त्यात मिसळावयाचा, तो मिसळण्याचे काम त्यांतीलच एक ओळ करीत होती! परिणाम असा की, ज्या किल्ल्यांचे प्रकार अगणित असावयास हवे होते, ते एकेका जातीत अवघे सुमारे ३२ हजार उरले. इतक्या किल्ल्या संगणक बसल्याबसल्या करून पाहतो. ही गोष्ट लुचियानो बेल्लो यांच्या ध्यानात येऊन मे २००८ मध्ये जाहीर झाली, तोवर जवळजवळ दोन वर्षे घडलेल्या सर्व किल्ल्या टाकून द्याव्या लागल्या. हार्टब्लीडमध्ये कोणी पाहिले नाही म्हणून हानी झाली. येथे पाहणाराने पाहिले, विचारलेही, पण उत्तर देणारांनी प्रश्न पुरता समजून घेतला नाही. आमच्या मते दुसरा प्रकार अधिक विचार करण्याजोगा आहे, कारण त्यात आळस कोणाचाच नव्हता.

म्हणूनच बदल करण्याची एक शिस्त या मंडळींत रूढ झाली आहे. बदल लहान असावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. कोणत्या ओळी काढल्या त्यांपुढे उणे चिन्ह, कोणत्या घातल्या त्यांपुढे अधिक चिन्ह, असा तो मांडतात. त्याला पॅच म्हणतात. आपल्या भाषेत ठिगळ. ठिगळासोबत एक टिपण जोडावे लागते, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे तेच. काय बदलले हे तर ओळींवरून दिसतेच. का बदलले, दुसरा मार्ग का नाकारला, हे त्या टिपणात लिहावयाचे असते. दहा वर्षांनी येणारा अनोळखी राखणदार ते वाचून त्या दगडास हात लावावा की नाही हे ठरवणार असतो. नंतर तपासनीस ते ठिगळ वाचतो, शंका काढतो, परत पाठवतो. नवख्यास याचा राग येतो. आमचा निबंध गुरुजींनी तांबड्या शाईने रंगवून परत दिला की आम्हांसही येत असे.

ठिगळाबरोबर चाचणीही हवी. एखादा दोष दुरुस्त केला की तो पुन्हा शिरल्यास तत्काळ ओरड करील असा छोटा कार्यक्रम लिहून ठेवतात, आणि प्रत्येक नव्या बदलानंतर असे शेकडो कार्यक्रम आपोआप चालवले जातात. हे न केल्यास काय होते, याचे उदाहरण ताजे आहे. ओपनएसएसएचमधील एक दोष २००६ साली दुरुस्त झाला होता. २०२० च्या ऑक्टोबरात दुसऱ्याच कामासाठी केलेल्या बदलात ती जुनी दुरुस्ती नकळत नाहीशी झाली, आणि चौदा वर्षांपूर्वीचा चोर त्याच दाराने पुन्हा आत आला. क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी तो १ जुलै २०२४ रोजी उघड केला. या कंपनीचे मोठे केंद्र आपल्या पुण्यातच आहे.

माणसाची कल्पना जेथे थकते तेथे दुसरी एक युक्ती वापरतात. कार्यक्रमापुढे मुद्दाम अर्थहीन, वेडावाकडा मजकूर लक्षावधी वेळा टाकावयाचा व तो कोठे अडखळतो ते पाहावयाचे. लहान मूल जसे खेळणे आपटून, चावून, उलटे करून पाहते, तसेच हे. कोडेनॉमिकॉनच्या मंडळींस हार्टब्लीड सापडला तो अशा प्रकारचे आपले साधन सुधारीत असतानाच. २०१६ पासून गूगलने अनेक मुक्त प्रकल्पांसाठी ही आपटाआपटी अहोरात्र चालवण्याची सोय केली असून तीत हजारो दोष सापडले आहेत.

आता जी गोष्ट सांगावयाची ती चुकीची नव्हे, कपटाची आहे. आणि तिने आम्हांस सर्वांत अधिक अस्वस्थ केले. मजकूर दाबून लहान करणारा 'एक्सझेड' नावाचा एक साधा कार्यक्रम आहे. तो सुरक्षेचा कार्यक्रम नव्हे. पण काही संगणकप्रणालींत ओपनएसएसएच ज्या भागांवर उभे राहते, त्यांच्या पोटात तो होता. एका तळ्याचा सांडवा दुसऱ्यात व दुसऱ्याचा तिसऱ्यात जावा, आणि वरच्या तळ्यात कोणी काही मिसळले तर खालच्याने ते प्यावे, अशी ही रचना. एक्सझेडची राखण फिनलंडचे लासे कॉलिन हे कित्येक वर्षे जवळजवळ एकट्याने व विनावेतन करीत होते. २०२१ पासून 'जिया तान' या नावाची व्यक्ती त्यांना नीटनेटकी ठिगळे पाठवू लागली. २०२२ मध्ये इतर काही नावांनी कॉलिन यांच्यामागे तगादा लागला: कामे तुंबली आहेत, दुसरा राखणदार का नेमीत नाही? आपले मनःस्वास्थ्य ठीक नाही, आणि हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे हे ध्यानात घ्यावे, असे त्यांनी उत्तरी लिहिले. ते वाचून कोणाचेही मन द्रवावे. पण त्या तगाद्याचा हेतूच निराळा होता. हळूहळू जिया तान सहराखणदार झाला. आणि फेब्रुवारी २०२४ मधील आवृत्तीत, चाचणीसाठी ठेवलेल्या धारिकांच्या आत दडवून, त्याने एक चोरदरवाजा बसवला. ज्याच्यापाशी विवक्षित किल्ली असेल त्याला परक्या यंत्रात शिरता यावे अशी ती योजना होती. या नावामागे कोण होते, ते आजवर उघड झालेले नाही.

हा दरवाजा सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड हे अभियंते निराळ्याच कामात होते. आपल्या यंत्रावर ओपनएसएसएचने प्रवेश देण्यास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे, असे त्यांना दिसले. अर्धा सेकंद! आपल्यापैकी कोण थांबला असता? ते थांबले, माग काढीत गेले, आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी सारा प्रकार जाहीर केला. चोरदरवाजा तोवर बहुतांशी प्रणालींच्या परीक्षेसाठी काढलेल्या आवृत्त्यांतच पोहोचला होता. आणखी काही महिने तसेच गेले असते तर तो जगातील अगणित यंत्रांत बसला असता. येथे उघडेपणाचे श्रेय नाकारता येत नाही, कारण संहिता उघडी नसती तर फ्रॉइंड यांना माग काढता आला नसता. पण ज्या दारातून कपट शिरले ते दार थकलेल्या, एकट्या राखणदाराचे होते, हेही तितकेच खरे.

या प्रकारानंतर राखणदारांच्या पोटापाण्याचा विचार थोडा अधिक होऊ लागला आहे. बेंगळुरूच्या झिरोधा या कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये जगातील मुक्त प्रकल्पांसाठी वर्षास १० लक्ष डॉलरचा निधी जाहीर केला. आपल्या देशातून असा निधी निघावा, ही आम्हांस समाधानाची गोष्ट वाटते. कारण केंद्र सरकारने मुक्त स्रोत कार्यक्रमांस प्राधान्य देण्याचे धोरण २०१५ सालीच स्वीकारले आहे, आणि जे आपण वापरतो त्याचा गाळ काढण्यात आपला हात असावा हे रास्तच आहे. पैशाने सर्व होते असे मात्र नाही. देवास जिल्ह्यात २००६ पासून शेतकऱ्यांनी आपापल्या शेतांत हजारो तळी खोदली व त्यांना 'रेवासागर' असे नाव दिले. त्यांच्या बांधांवर आता पंधरा-वीस पावसाळे झाले आहेत. खोदताना छायाचित्रे निघाली; गाळ काढताना ती कोणी काढीत नाही.

आमच्या विज्ञानमंडळाच्या चार विद्यार्थ्यांनी मागील वर्षी जाळ्यावर पहारा देणाऱ्या एका मुक्त कार्यक्रमास एक ठिगळ पाठवले. संहितेत हात घालण्याइतकी त्यांची तयारी नव्हती. माहितीपत्रकात सांगितलेली एक आज्ञा नव्या आवृत्तीत चालत नाही, एवढे त्यांना शाळेच्या यंत्रावर दिसले. ती त्यांनी दोन निरनिराळ्या यंत्रांवर करून पाहिली, कोणत्या आवृत्तीपासून चालेनाशी झाली ते शोधले, आणि चार ओळींची दुरुस्ती लिहून धाडली. पाचव्या दिवशी उत्तर आले: टिपणात कारण नीट लिहिलेले नाही. त्यांनी पुन्हा लिहिले. पुन्हा परत आले: एका ओळीत दोन बदल केले आहेत, ते वेगळे करा. एकीने चिडून वही मिटली व दोन दिवस प्रयोगशाळेकडे फिरकली नाही. तिसऱ्या खेपेस ठिगळ स्वीकारले गेले, खाली एक शब्द लिहून आला: "आभार." मुलांनी त्या पानाची छापील प्रत फलकावर लावली. या वर्षी जानेवारीत पाहिले तो, त्या चार ओळींतील एक ओळ दुसऱ्या कोणीतरी काढून टाकलेली दिसली. त्या आज्ञेचीच आता गरज राहिली नव्हती, आणि तसे त्याने टिपणात स्वच्छ लिहिले होते.